दाजींचा अंगठा

चिंचवड,
ता. १४ ऑक्टोबर १९५६

दाजी,

तुम्हाला आणि अक्काला नमस्कार. स्वीकारायचा की नाही ते तुमच्यावर आहे.

दोन वर्षांत मी एक कार्डसुद्धा टाकलं नाही. आजही टाकलं नसतं, पण काम निघालं. घरमालकीण रुक्मिणीबाईंना परडं मोकळं हवं आहे, तिथं त्या म्हशींसाठी छप्पर घालणार. म्हणजे आपली गाडी एक तर भंगारात जाणार, नाहीतर स्वतःच्या चाकांवर बाहेर निघणार. संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली आहे. भंगारवाला येऊन बघूनही गेला, पण त्यानं टायरला लाथ मारून पाहिली तेव्हा मला ते बघवेना. त्याला परत पाठवला.

माझं लग्न झालं हे अक्काला कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. सुमन मला परवा म्हणाली, "हे धूड घेतलंत तरी कशापायी?" मग तिला सगळं सांगत बसलो. तुम्ही चाकणला भैरू पाटलांच्या विहिरीवरचं इंजिन दोन रविवारांत चालू करून दिलंत आणि त्यांनी मोबदला म्हणून गोठ्यातली ही अमेरिकन मोटार दाखवली. लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना म्हणून पुण्याचा कुणी वकील ती तिथं ठेवून गेला तो परतलाच नव्हता. टपाचं कापड कुजून गेलेलं, नुसत्या लोखंडी कमानी उरलेल्या, आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. भैरू पाटील म्हणाले, "कोंबड्या सोडून बाकी समदं तुमचं." बैलजोडी लावून मोशी-भोसरीवरून गाडी ओढत आणली, तेव्हा तुम्ही स्टिअरिंगवर बसून बैलांना हॉर्न देत होता. गाडीत तेवढी एकच वस्तू चालू होती. अक्का रस्त्यापर्यंत बघायला आली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. सुमनही हे ऐकून हसली.

पुढं जे घडलं ते घडलं. ते सुमनला थोडक्यात सांगितलं.

आता दर रविवारी मी गाडीवर बसतो. दरवाजे रॉकेलनं धुऊन पॉलिशपेपरनं घासले, गंज गेला तिथं तळहाताएवढी भोकं निघाली. खालचा पत्रा तुम्ही बसवला होता तो मात्र जसाच्या तसा आहे. इंजिन जोडून झालं, पण कार्बोरेटरमधला पितळी जेट सापडत नाही. तो तुम्ही काढून कुठं ठेवला होता? तेवढं कळवलंत तर काम पुढं जाईल.

मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात कायम झालो. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

हात कसा आहे?

ज्योतीराम


चिंचवड,
ता. १२ नोव्हेंबर १९५६

दाजी,

अक्काचं कार्ड मिळालं. "जेट खोबरेलाच्या डबीत, वरच्या फळीवर. बाकी ठीक. शालन." एवढंच. तरी मी ते कार्ड दहा वेळा वाचलं.

डबी तिथंच होती. जेट तेलाच्या चिंधीत गुंडाळलेला. सोबत आणखी अकरा बारके भाग, प्रत्येकाची वेगळी पुडी, आणि पुडीवर तुमच्या हातचं नाव. ते तुमचं उभं, सरळ अक्षर. अक्काच्या कार्डावर सही तिची, मजकूरही तिचा. तेव्हा मला कळलं की आता तुम्हाला लिहिणं जमत नसावं. मी ती डबी मांडीवर घेऊन परड्यात बसून राहिलो. सुमन जेवायला बोलवायला आली, तिला म्हटलं भूक नाही.

भाऊबीज होऊन आठवडा झाला. अक्का न येण्याची ही दुसरी भाऊबीज. तिला मी दोष देत नाही. पण ती ज्या कारणासाठी येत नाही तेसुद्धा तिला नीट माहीत नाही. तिला वाटतं, तुमचं हातातलं काम गेलं आणि मी तुमची जागा घेऊन बसलो, एवढाच माझा गुन्हा. तेवढंच असतं तर मी केव्हाच तुमच्या गावी विट्याला येऊन तिच्या दारात बसलो असतो.

दाजी, मी खोटं बोललो होतो.

५४ सालचा तो नोव्हेंबरातला रविवार. बॅटरी मरतुकडी होती, म्हणून पुढून हँडल मारून इंजिन चालू करायचं ठरलं. मी आत स्टिअरिंगवर, तुम्ही पुढं. स्टिअरिंगखाली ठिणगी कधी पडावी ते ठरवणारी टायमिंगची बारकी दांडी असते. हँडल मारताना ती वर हवी, खाली राहिली तर इंजिन उलटा झटका देतं. तुम्ही पहिल्या दिवशी मला हे शिकवलं होतं. दुसरं शिकवलं होतं ते हे, की हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून गुंडाळायचा नाही. "अंगठा गुंडाळला की मनगट गेलं." मोटार दुरुस्तीच्या आपल्या डेपोतल्या प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही हे सांगत होता.

झटका बसला, मोडल्याचा आवाज मी आतूनसुद्धा ऐकला. अक्का विहिरीवरून घागर टाकून धावत आली. कुंपणापलीकडून डेपोतले मालोजीराव मुकादम आले. तुम्ही जमिनीवर बसला होता, ओठ पांढरे पडलेले. मालोजीराव म्हणाले, "आरं, झालं काय?" आणि मी म्हणालो, "दाजींनी अंगठा गुंडाळून धरला होता."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग स्वतःच्या हाताकडं बघितलंत.

दुसऱ्या दिवशी सगळ्या डेपोत झालं की हिंदुराव उस्ताद स्वतःचाच धडा विसरले. लोक हसले नाहीत, हळहळले. ते जास्त वाईट होतं. आठवड्यानं पिंपरीच्या कारखान्याची परीक्षा होती, आपण दोघंही बसणार होतो, फिटरची एकच जागा उरली होती. तुमचा हात गळ्यात बांधलेला होता. परीक्षेचा लोखंडाचा चौकोन कानशीनं घासून मी दिला, जागा मला मिळाली.

तुमचा अंगठा जागेवर होता, तरी झटक्यानं मनगट मोडलं. अंगठा मी बाजूनं मान बाहेर काढून पाहिला होता. दांडी खाली राहिली होती. ती कशी राहिली देवाला ठाऊक, घाईत राहिली असावी.

हे दोन वर्षांपूर्वी लिहायला हवं होतं.

ज्योतीराम


चिंचवड,
ता. ३ डिसेंबर १९५६

दाजी,

मागचं पत्र मी सुमनकडं टाकायला दिलं होतं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. तिनं वाचलं. पत्र टाकून आली आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "लग्न झाल्यापास्नं मी अक्कांना नावं ठेवतीय. भावाचं बरं झालं ते बघवंना म्हणून. तुम्ही ऐकत बसत होता." त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी तेही नाही.

मग अक्काचं कार्ड आलं. ते इथं उतरवतो, म्हणजे तुमच्या नावानं काय लिहून आलं ते तुम्हालाही कळेल. "पत्र त्यांनी हातात घेतलं नाही, मी वाचून दाखवलं. ते जेवले नाहीत. त्यांनी विचारायला सांगितलं आहे की हँडल मारायच्या आधी 'दांडी वर हाय का' अशी हाक त्यांनी दिली होती की नाही. त्यांना आता नक्की आठवत नाही. खरं असेल तेच लिही, नसेल तर पुन्हा लिहू नको. शालन."

आठ दिवस मी उत्तर लिहिलं नाही. कारखान्यात माझ्या हातून काचेच्या बाटल्यांची एक पेटी फुटली. फोरमन म्हणाला, बरं नसेल तर सुट्टी घे.

हाक दिली होती. तुम्ही नेहमी दोनदा देत होता तशी, आधी एकदा आणि हँडल बसवल्यावर एकदा. पहिल्या हाकेला मी वायर बघत होतो. दुसरी हाक स्पष्ट ऐकली. "जोती, दांडी वर हाय का?" मी म्हणालो, "व्हय."

मागच्या पत्रात हे मी गाळलं. घाईत राहिली असावी असं लिहिलं. दोन वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो की तोंडातून "व्हय" आधी गेलं आणि नजर दांडीवर नंतर गेली. तसं नव्हतं. नजर आधी गेली. दांडी खाली होती. सकाळी वायर तपासताना मीच खाली केली होती. ती खाली आहे हे बघून मी "व्हय" म्हणालो.

तुमचा हात मोडावा असं माझ्या मनात नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन, पण माझ्या शपथेला आता काय किंमत. मनात काय होतं ते सांगतो. हात सुजावा. आठ दिवस कानस धरता येऊ नये. एवढंच. बाहेर तुम्ही वाकला होता, पाठीवर घाम होता, आणि मला दिसत होतं की परीक्षेत तुमच्यासमोर माझा चौकोन म्हणजे पोरखेळ ठरणार. मला विट्याहून तुम्ही आणलंत. तुमच्या घरी तीन वर्षं जेवलो. डेपोत चिकटवलंत तेही तुम्ही. आणि एवढं सगळं माहीत असताना मी "व्हय" म्हणालो. लगेच माझा हात दांडीकडं गेला होता, पण तोवर तुम्ही हँडल मारलं होतं. हात गेला होता याचा मी फार दिवस आधार घेतला. आता घेत नाही.

अंगठ्याचं खोटं मग आपोआप आलं. चूक कुणाची, असं विचारायच्या आधीच मी ती तुमच्यावर घातली, म्हणजे दांडी कुणी बघणार नाही.

अक्का, हे तू त्यांना वाचून दाखवशील तेव्हा तुझा आवाज कसा होईल ते मला इथं ऐकू येतं. पण खरं तेच लिही म्हणालीस.

ज्योतीराम


चिंचवड,
ता. १५ जानेवारी १९५७

दाजी,

उत्तर आलं नाही. ते मी मागत नाही. झालं ते कळवतो.

तुमच्याशी कागदावर खरं बोललो, पण तुमचं नाव इथं गेलं होतं, विट्यात नव्हे. ते इथंच परत द्यायला हवं होतं. परवाच्या रविवारी गाडी बाहेर काढायची ठरली होती. पिंपरी कँपातल्या लीलाराम शिंप्यानं तंबूचं कापड कापून नवा टप शिवून दिला. सिंधमधून येताना त्यानं मशीन तेवढं आणलं होतं. टप कमानींवर चढवताना तो मला म्हणाला, "गाडी अच्छी बनाई। चेहरा ऐसा क्यूँ, जैसे मय्यत में आये हो?" मी कापडाची कड कमानीला बांधत राहिलो.

आळी सगळी जमली. डेपोतले सहा-सात जण आले, कारखान्यातले दोघं. रुक्मिणीबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या. मी हँडल उचललं तसे मालोजीराव ओरडले, "जोती, अंगठा संभाळ रं बाबा! उस्तादांचं झालं तसं नको!" सगळे हसले. मलाही हसू आणायची सवय झाली होती, त्या दिवशी तोंड हललं नाही.

मी हँडल खाली ठेवलं आणि सांगितलं. उस्तादांचा अंगठा बरोबर होता. त्यांनी हाक दिली होती. दांडी खाली असताना मी वर आहे म्हणून सांगितलं. नंतर त्यांच्यावर ढकललं.

रुक्मिणीबाईंच्या ताटातलं निरांजन वाऱ्यानं विझलं, ते त्यांनी पुन्हा लावलं नाही. मालोजीरावांनी तोंडातली विडी टाकून पायानं चुरली. म्हणाले, "दोन वरसं मी पोरांना हिंदुरावाचं नाव घेऊन शिकवतुया. बघा, एवढा मोठा मिस्त्री चुकला, तुमी चुकू नका म्हणून. माझ्या तोंडानं वदवून घेतलंस की रं." मग ते वळून गेले. त्यांच्यामागून बाकीचे. जाताना एकानं विचारलं, "आणि परीक्षा?" मी मान खाली घातली, त्याला उत्तर मिळालं.

एक गोष्ट मात्र तिथं सांगायची हिंमत झाली नाही. नजर आधी गेली, ती. ते तुम्हां दोघांना ठाऊक आहे, आणि सुमनला मी मागून सांगितलं. बाकीच्यांना मी चुकीनं "व्हय" म्हणालो असं वाटतं. म्हणजे अजूनही मी पुरता खरा झालेलो नाही.

गाडी तिसऱ्या झटक्याला चालू झाली. परड्यात मी एकटा होतो. सुमन दारात उभी होती, ती आत गेली नाही एवढंच. गाडी चालवत कँपात नेली, लीलारामच्या दुकानामागं उभी केली आहे. टप उघडून नेली नाही. लोकांनी तोंड बघावं असं वाटलं नाही.

कारखान्यात आता डब्याच्या वेळी माझ्या बाकावर जागा रिकामीच असते.

ज्योतीराम


चिंचवड,
ता. २५ फेब्रुवारी १९५७

अक्का,

हे पत्र तुला. दाजी तुझ्याकडं पोचले असतील. ते फार बोलणाऱ्यातले नाहीत, म्हणून इथं काय झालं ते मी लिहितो.

काल सकाळी दारात उभे राहिले. क्षणभर मी ओळखलंच नाही, केस इतके पिकले आहेत. सुमन पाया पडली, तिच्या हातचं पाणी प्यायले. तिला म्हणाले, "शालननं तुला बघितली न्हाई अजून." माझ्याकडं बघितलं नाही. पेला खाली ठेवून विचारलं, "गाडी कुठं हाय?"

कँपापर्यंत चालत गेलो. ते पुढं, मी दहा पावलं मागं. वाटेत मालोजीराव भेटले. त्यांनी रस्त्यातच दाजींचे दोन्ही हात धरले, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. दाजी म्हणाले, "असूं द्या, मुकादम. तुमाला काय ठावं." मी दूर उभा राहिलो.

गाडीभोवती दाजी एक फेरी मारून आले. बॉनेट उघडलं नाही. टपाचं कापड बोटांत धरून लीलारामला मान हलवून दाद दिली. मग डाव्या बाजूचा दरवाजा उघडला. तो मी बसवला तेव्हापासून खाली लोंबतो, लावताना उंबऱ्याला घासतो. त्यांनी तीनदा उघडून लावला. म्हणाले, "बिजागरीची खीळ जाड हाय, पुरती बसंना. कानस आण."

लीलारामच्या शेजारच्या सायकलवाल्याकडून मी कानस आणली. ते कानस हातात घेऊन किती तरी वेळ उभे राहिले. उजवं मनगट वाकडं झालंय ते मी पहिल्यांदा बघितलं. मी त्यांच्या पायाशी वाकलो. अक्का, त्यांनी पाय मागं घेतला. म्हणाले, "पाय नको धरूस. कामात मधी येतूस."

मग खीळ काढून सायकलवाल्याच्या पकडीत लावली आणि घासायला लागले. पहिले दहा-वीस हात वेडेवाकडे गेले. घासता घासता बोलले. ते जसं बोलले तसं लिहितो, कारण हे तुलाही त्यांनी कधी सांगितलं नसेल.

"हाड सा म्हैन्यांत जुळलं हुतं. वाकडं जुळलं, पर जुळलं. विट्यात दोघं-तिघं म्हनले, हिंदुराव, दुकान टाक. कानस धरली की वाटायचं, ह्यो हात आपल्याला न सांगता अंगठा गुंडाळतोय, ह्येचा काय भरवसा? मला तर आठवत हुतं अंगठा जागेवर हुता म्हणून. पर तू बोललास. तू म्हंजे मी शिकवल्यालं पोरगं, तू कशाला खोटं बोलशील? मग म्हटलं आपलंच चुकलं आसंल. तितं पिठाच्या गिरणीत कामाला हाय, पट्टा चढवायचा तरी मी दुसऱ्याला सांगायचो. दोन वरसं मी माझ्याच हाताला भ्यालो, जोती."

मी म्हणालो, "दाजी, मी ह्याचं काय करू?"

"काय न्हाई करू शकत तू," ते म्हणाले. रागानं नाही. खीळ उजेडाकडं धरून बघत म्हणाले.

तासाभरानं हात सरळ चालायला लागला. आवाजच बदलला. सायकलवाला आपलं काम सोडून ऐकत होता. खीळ बसवली, दरवाजा लावला. एका बोटानं लागला. त्यांनी तो पुन्हा उघडून पुन्हा लावला. नंतर हात पुसले आणि बराच वेळ तळहात बघत उभे राहिले.

मी म्हणालो, "गाडी तुमची आहे, घेऊन जावा." म्हणाले, "मला नको. ठेव न्हाईतर इकून टाक." मी म्हणालो, कारखान्यात जाऊन साहेबांना सगळं सांगतो, जागा सोडतो. तर म्हणाले, "सोडून माझा हात सरळ व्हनार हाय का? सुमनला उपाशी मारू नकोस." जेवायला घरी चला म्हणालो तर नको म्हणाले. लीलारामकडं भाकरी खाल्ली. एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो, पिशवी घ्यायला हात पुढं केला. पिशवी त्यांनी दिली नाही.

एस.टी.त चढताना मात्र वळले. म्हणाले, "चिंचवडात खोली बघ. कामाला बसायला ओटा असंल अशी. शालनला विचारतो, मग कळवतो." मी हो म्हणायच्या आत म्हणाले, "तुज्या आळीत नको."

अक्का, तू काय ठरवशील मला माहीत नाही. तू नाही म्हणालीस तरी मी समजेन. पण आज पाळी दुपारची होती म्हणून सकाळीच हिंडून आलो. सुमन बरोबर आली, तिनं चूल आणि मोरी पाहिली. रेल्वे फाटकाच्या पलीकडं बाळाजी सुतारांच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. विहीर जवळ आहे, पाणी गोडं आहे. पुढं रुंद ओटा आहे, सकाळभर ऊन असतं. सुतारांना मी दाजींचं नाव सांगितलं, तर म्हणाले, "ते डेपोतले उस्ताद? या म्हणावं." माझं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

निघताना मी ओट्यावर उभा राहून चारी बाजूंनी नीट बघून घेतलं. तिथून आमचं घर दिसत नाही.

ज्योतीराम